कुत्र्यांचं गरम पाणी

“कुत्र्यांना गरम पानी, आन् आमी गारठून मरायचं व्हय?”

आत्या व्हॅनमागे उभी राहून शेजारच्या काकूंना सांगत होती. मला ऐकू येऊ नये म्हणून अगदी हळू. म्हणजे फक्त अर्ध्या वराळे गावाला ऐकू गेलं.

कुत्र्यांना दारात जाऊन अंघोळ घालण्याचा माझा धंदा त्या सकाळी सुरू होणार होता. जुनी व्हॅन, पाण्याची टाकी आणि डिझेलवर चालणारा हीटर. पहिलं गिऱ्हाईक तुंगार्लीच्या बंगल्यातलं. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, “पाणी गरमच हवं. नाहीतर येऊ नका.”

हीटर मामानं बसवला. मामा कंपनीत फिटर, त्यामुळे सोबत आलेलं माहितीपुस्तक वाचणं त्याला अपमान वाटतो. ते मी वाचलं. (इंग्रजी शाळेत घातल्याचा घराला झालेला पहिला उपयोग!) त्यात ठळक लिहिलं होतं की बटण बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो, मध्येच वायर काढू नये.

हीटर झकास चालला. पाणी वाफाळलं. मामानं ऐटीत बटण बंद केलं. पंखा घोंघावतच राहिला.

“आगं बया, बंदच व्हईना! फुटतंय का काय!” आत्या किंचाळली.

“मामा, त्यात लिहिलंय की...” मी म्हणाले. बहुधा मनातच.

मामानं हिसडा मारून बॅटरीची वायर उपटली. शांतता! वायर परत जोडली, तर लाल दिवा लुकलुकू लागला आणि हीटर ढिम्म.

“असू दे गं. पाणी तर तापलंय ना? नीघ तू.”

निघालेच होते. पण दारात आत्या, बादली घेऊन. “येकच दे, बाळा. गुडघं लय दुखत्यात.”

‘नाही’ हा शब्द मला दोन भाषांत येतो. मी निर्धार केला, तोंड उघडलं आणि म्हणाले, “घे ना.”

मग काकू नातवाला घेऊन आल्या. मी दात आवळले. “घ्या ना, काकू.” मामानं दाढी उरकली. त्यानंतर आलेल्या गृहस्थांना तर मी ओळखतही नव्हते. खांद्यावर टॉवेल, हातात तांब्या! त्यांना मी ठणकावून विचारलं, “शाम्पू हवाय?” (कुत्र्यांचा होता. त्यांनी घेतला.)

आणि टाकी रिकामी दिसायला नको म्हणून मामा प्रत्येक बादलीमागे नळाचं पाणी ओतत होता. “बघ, फुल्ल!”

तुंगार्लीला पोचले तेव्हा पाणी इतकं गार की टाकीत बोट घालवत नव्हतं. तरी मागे फिरायचं नाही, हे पक्कं होतं. फाटकात मॅडम उभ्या होत्या आणि शेजारी वासराएवढा ग्रेट डेन, अंगात स्वेटर घालून कुडकुडत.

“पाणी गरम आहे ना?”

कुत्र्यानंही माझ्याकडे बघितलं. सकाळपासून सगळ्यांना पाणी देत सुटलेली मी अखेर मोठ्यानं बोलले,

“मॅडम, तुमचा गीझर लावता का? चार बादल्या द्या फक्त. शपथेवर सांगते, कुत्र्यासाठीच हवंय!”