दोन पत्रावळ्यांचा मान

पंगतीत जेवावं कसं हे बीड जिल्ह्यात कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं आमचे दाजी ऑपरेशनच्या आधी पाहायला हवे होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक. ते मांडी घालून बसले की दोन माणसांची जागा भरे, म्हणून वाढपी न सांगताच त्यांच्यापुढे शेजारीशेजारी दोन पत्रावळ्या मांडत. एकीत भात, दुसरीत बाकीचं. दाजींच्या लेखी हा मान फेट्याहून मोठा होता. दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीवर त्यांची देखरेख असे. जनावरं हाडांवर आली, टँकरमागं धावून माणसं वाळली, दाजी मात्र भरतच गेले. कुणी छेडलं तर म्हणत, "सरकार नुसतं सांगतंय, पाणी आडवा, जिरवा. आमी करून दाखिवतो."

पथ्याचे प्रयोग खूप झाले. भाकरीऐवजी काकडी खायला सांगितली, तर दाजींनी ती भाकरीनंतर खाल्ली. पुढं पुढं बैठकीत बोलता बोलता त्यांचा डोळा लागू लागला. दचकून जागे झाले की विषय कुठलाही असो, "मंजूर" म्हणत. त्यावर आम्ही हसायचो, पण झोपेत त्यांचा श्वास अडकायचा आणि आक्का उशाशी बसून तो परत सुरू होण्याची वाट पाहायची. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की ऑपरेशन करून जठर लहान करू, नाहीतर मला भरवसा देता येणार नाही.

"म्हंजे बिंदुसरेचं धरण बुजवून नुसता हौद ठिवणार?" दाजींनी विचारलं.

"हौदही नाही. केळ्याएवढी पिशवी," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन दाजी अडून बसले. "पंगतीत हात आखडला तर मला इचारंल कोण?"

आक्का भांडी घासता घासता म्हणाली, "पंगती लई हुतील. तुमी असा म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी दाजींनी ऑपरेशनची तारीख घेतली. ऑपरेशनआधी घरीच वजन पाहावं म्हटलं, तर काट्याची सुई शेवटाला जाऊन अडकली. मग मीच त्यांना कारखान्यावर नेलं. ऊस मोजायच्या वजनकाट्यावर आधी दाजींसकट जीप, मग नुसती जीप. काटेवाला गंभीरपणे म्हणाला, "सायेब, उसाच्या वजनातनं पाचटाची तूट धरतो, तुमची कशाची धरू?"

"धोतराची धर बे," दाजी म्हणाले.

ऑपरेशन पार पडलं. आधी नुसतं पाणी, मग डाळीचं पाणी, मग चमच्यानं मऊ भात. वर्षभरात दाजी इतके उतरले, की ओळखीची माणसं त्यांनाच "दाजी कुठंयत?" विचारू लागली. श्वास सुरळीत झाला, आक्का झोपू लागली. दाजींनी मात्र लग्नांना जाणं सोडलं. आहेर धाडायचे, स्वतः जायचे नाहीत.

माझ्या लेकीच्या लग्नाला मी त्यांना चक्क ओढून आणलं. पहिल्या पंगतीला बसवलं आणि वाढप्यानं जुन्या सवयीनं दोन पत्रावळ्या मांडल्या. दाजी एकीपुढंच मावले. दुसरीपुढं एका माणसाची जागा मोकळी राहिली. वाढप्याच्या ध्यानात आलं, तो ती उचलू लागला. दाजींनी त्याचा हात धरला. समोरून आक्का वरणाची बादली घेऊन वाढत येत होती.

"अगं, हिकडं ये. बस."

"आवं, ही गड्यांची पंगत. मी मागून बायांत बसते. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? माझ्या दोन पत्रावळ्यांची सवय हाय लोकान्ला."

आक्का अवघडून बसली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्या पंगतीत पाहिलं नव्हतं. चार घासांत दाजींचं जेवण आटोपलं. मग ते तिच्या पत्रावळीकडं तोंड करून बसले आणि वाढप्याला म्हणाले, "हिला बुंदी वाढ. न्हाई म्हणंल, तरी वाढ."

बादली मी घेतली होती. पुढच्या रांगेला वरण पोचायला त्या दिवशी जरा उशीरच झाला.