नणंदेचं डालगं

मार्च १९९४, शिमग्याच्या आधीचा रविवार. हजर: सासूबाई, ओटीवर तांदूळ निवडत. यजमान, रात्रीची शिफ्ट करून आत झोपलेले. मी अंगणात. धाकटी नणंद फाटकात, डोक्यावर डालगं, डालग्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. परसात माझ्या स्वतःच्या आठ, त्यातली एक खुडूक, अंड्यांवर बसलेली.

नणंद जित्याजवळच्या खाडीकाठच्या गावात दिलेली. सकाळच्या गाडीने रोह्याला उतरून आमच्या गावापर्यंत, वरश्यापर्यंत, चालत आली होती.

"वैनी, धर गो जरा. आमच्याकडं कोंबड्यांना मर लागलीय. शेजारणीची एक नाय उरली. म्हटलं माझ्या माहेरी ठेवते, शिमगा झाला की नेते."

तिने वेगळं काही केलं नव्हतं. आमच्या भागात सगळ्या बायका हेच करत. गावात मर लागली की धडधाकट दिसतील त्या कोंबड्या डालग्यात घालायच्या आणि दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे पोचवायच्या. आदल्या वर्षी मावससासूबाईंचा कोंबडा असाच माझ्याकडे राहायला आला होता. आठवड्याच्या आत माझं खुराडं रिकामं झालं. त्यानंतर मी रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गाठलं, या मरीची, म्हणजे मानमोडीची, लक्षणं विचारली आणि कागदावर उतरवून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली. हिरवट पातळ शीट. चोच उघडून श्वास. पंख सोडून बसणं. पाय ओढणं. शेवटी मान पिळणं. औषध नाही, फक्त आधी टोचायची लस. लसीची एक बाटली शंभर कोंबड्यांची, फोडली की लगेच संपवावी लागते, आणि सुई लागली की कोंबडी अंडी घालत नाही अशा समजुतीने आळीतली एकही बाई आपल्या कोंबड्या आणायला तयार नव्हती. म्हणून माझ्याही टोचायच्या राहिल्या होत्या.

या आठ मी पिल्लांपासून वाढवल्या होत्या. त्यांच्या अंड्यांचे पैसे घरात मी कुणाला न विचारता खर्च करू शके. दुसरे तसे पैसे माझ्याकडे नव्हते.

डालग्यावरचं गोणपाट उचललं. एक कोंबडी पंख सोडून बसलेली, तळाशी हिरवट घाण.

"ही आजारी आहे."

"गाडीत हादरे बसले, म्हणून तशी झालीय."

"वन्सं, तुम्ही आत या. डालगं येणार नाही."

ओटीवरचं सूप थांबलं. "पोर एवढ्या उन्हातून आलीय, आन तू तिला दारात अडवतेस व्हय?"

"त्यांना नाही अडवलं, आई. डालग्याला अडवलं."

"डालगं काय एकटं चालत आलं?"

"ऱ्हाऊ दे गो आई," नणंद म्हणाली. "वैनीला माझ्यापेक्षा तिच्या कोंबड्या मोठ्या."

"आज मोठ्या आहेत," मी म्हणाले.

रस्त्यापलीकडे आमच्या शेतात भाजीच्या राखणीचा जुना मांडव होता. डालगं तिथे गेलं. तिच्या कोंबड्यांचं तिने बघायचं, माझ्यांचं मी. मांडवाकडून येईल त्याने फाटकाजवळच्या बादलीत पाय धुवायचे, चपला बाहेर. सासूबाई मुद्दाम मूठभर कण्या घेऊन मांडवाकडे गेल्या आणि तशाच माझ्या खुराड्याकडे निघाल्या. मी दारात उभी राहिले.

"आई, पाय."

"देवळात जाताना एवढे धुतले नाय कधी," म्हणाल्या, पण धुतले.

दुसऱ्या दिवशी पंख सोडलेल्या कोंबडीची मान वळली. सासूबाईंनी सुचवलं, बाकीच्या अजून बऱ्या हाईत तोवर कापू, वाया कशाला घालवायच्या. मी विचारलं, पिसं आणि आतडी कुठे टाकणार? कावळ्याने उचलून माझ्याच परसात आणून टाकली तर? कापायचं राहिलं. यजमान तेवढे म्हणाले, "रस्सा झाला असता." या सबंध प्रकरणातलं त्यांचं हे एकच वाक्य.

त्या आठवड्यात सगळ्या गेल्या, कोंबडा शेवटी. खड्डा नणंदेने स्वतः खणला. मी चुन्याची पाटी रस्त्याच्या कडेला ठेवून मागे सरायची, मग ती येऊन उचलायची. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी डालगं जाळलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. धूर बघून ती ओल्या केसांनी बाहेर आली.

"माझ्या सासऱ्यांनी विणलेलं होतं ते. घासून उन्हात टाकलं असतं तर चाललं नसतं?"

कदाचित चाललं असतं. बांबूच्या फटींत काय राहतं ते दिसत नाही, आणि कदाचितच्या भरवशावर मला माझ्या आठ ठेवायच्या नव्हत्या. तेव्हाही हेच म्हणाले, आजही हेच म्हणते.

दुपारच्या गाडीने ती रिकाम्या हातांनी गेली. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या आठही जगल्या, खुडूक उठली ती पिल्लं घेऊन. पुढे दवाखान्यात टोचायला शिकून मी लसीची बाटली मागवली तेव्हा आळीतल्या बायका आपणहून कोंबड्या घेऊन अंगणात आल्या. पहिल्या आल्या सासूबाई, खुडूक काखेत धरून. "टोच गो नीट," एवढंच बोलल्या.

रोह्याच्या बाजारातून मी नवं डालगं आणलं, अजून अंडी न घालणाऱ्या दोन तलंगा आणि एक कोंबडा तिच्यासाठी वेगळा काढला आणि निरोप धाडला. उलट निरोप आला: डालगं वैनीने स्वतः आणावं, डोक्यावरून, स्टेशनपासून चालत. मी कळवलं, आणते, पण आधी खुराड्याला चुना मारलात का ते सांगा. त्याला उत्तर नाही.

त्या तलंगा केव्हाच अंड्यांवर आल्या. मी त्यांच्या पिल्लांतून तिच्यासाठी दोन निवडल्या, मग त्यांच्याही पिल्लांतून. नवं डालगं पडवीत खुंटीला आहे, दर पावसाळ्याआधी झटकून परत टांगते. खुराड्याला चुना मारल्याचं कळलं की जित्याच्या स्टेशनपासून डोक्यावरून न्यायला माझी ना नाही. पोचवायचं आहे.