मेणातला तुकडा

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाई. बायकोले बी नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो, ते मलेच ठाऊक नाई.

चंद्रपुरात एका लॅबमधी मी तंत्रज्ञ आहो. रोग्याच्या आंगातून काढलेला तुकडा मेणात बसवाचा, मशीनवर त्याचे केसाहून पातळ काप कराचे, रंग देऊन काचेवर ठेवाचे — हे माह्यं काम. एक दिवस माह्या मोठ्या बहिणीचाच तुकडा आला. आम्ही तिले बाई म्हणत होतो. धानोऱ्याकडं राहे, तेंदूपत्ता तोडे, पण बिडी कधी ओठाले लावली नाई. तरी फुफ्फुसात गाठ. सुईनं काढलेला तुकडा तो, तांदळाच्या कणीएवढा.

पहिल्याच कापात कॅन्सर दिसला. रडाले पाह्यजे होतं ना मी? मी पाहतच राह्यलो. एक पेशी — नुसत्या डोळ्याले दिसतबी नाई — एकीच्या दोन होताना तिच्या जनुकात एक अक्षर चुकते. तसं तं रोजच चुकते, आंगच ते दुरुस्त करते. एखादी चूक राहून जाते. वाढीचं बटन दाबलेलंच राह्यते. मंग थांबवणारं जनुक मोडते, पेशी मरणं विसरते, आणि त्या चुकीची नक्कल, नकलेची नक्कल... किती वर्षं चाललं असन हे? माह्या लग्नात बाई नाचली, तेव्हाबी? चुलीच्या धुरानं झालं की कशानं, कोण सांगन?

मी आणखी एक काप केला. मंग आणखी एक. खोलात काय दिसते म्हणून. निदान तं पहिल्या दोन काचांतच झालं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरनं उरलेला तुकडा मागतला, जनुकाच्या तपासणीले. बिडी न ओढणाऱ्यात पुष्कळदा त्या बटनाचंच अक्षर चुकलेलं असते, आणि तसं असन तं त्याच्यावर गोळी आहे. मी मेण पाह्यलं. त्यात काही उरलं नव्हतं; सारं माह्या काचांवर गेलं होतं, आणि रंग दिलेल्या काचांतून ती तपासणी आमच्याकडं होत नव्हती.

मी म्हटलं — तुकडा मुळातच कमी आला होता.

पुन्हा सुई घालाची बाईत ताकद नव्हती. मलेच समजावे, "माह्या आंगात मांसच नाई रे बापू, डॉक्टर तरी कुठून काढन?" मी हाव म्हणालो.

तेंदूच्या हंगामाआधी ती गेली. तिचं कोणतं अक्षर चुकलं होतं, हे आता कोणालेच कळणार नाई.

त्या जास्तीच्या काचा माह्या कपाटात आहेत. अकरा. कधीमधी एखादी काढून पाहतो, आणि मले अजूनबी तसाच अचंबा वाटते.