कौलांच्या रांगेतला मधला माणूस

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या पेजवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि हसायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय.

मी चंदगडकडचा. नववीतून शाळा सुटली. गोव्यात आलो तो बांधकामावर. कोड लिहायला मोबाईलवर शिकलो. आता डिचोलीत पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. तिथल्या मेघना मॅडमनी माझं सर्टिफिकेट न विचारता मला घेतलं, हे उपकार मी विसरणार नाही. पण मालकांना डिप्लोमावाला हवा होता. मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि गेल्या वर्षी मे महिन्यात ठरलं असं, की कंट्रोलरच्या कर्नलमधला, म्हणजे सगळ्यात आतल्या प्रोग्राममधला, एक लूप मी सोमवारपर्यंत नीट केला तर पर्मनंट, नाहीतर घरी.

लूप म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. आत नोंदींची एक साखळी असते. प्रत्येक नोंदीच्या खिशात फक्त पुढच्या नोंदीचा पत्ता. लूपने एकेक नोंद बघत जायचं आणि जुनी झालेली काढून टाकायची. आधीच्या माणसाने एक नोंद काढली की परत पहिल्यापासून सुरुवात करायची, असं लिहून ठेवलेलं. हजारो नोंदी झाल्या की कंट्रोलर रांगायला लागायचा. मी ते 'परत पहिल्यापासून' उडवलं, की अख्खा बॉक्स हँग! आठवडाभर हेच. झोप नाही, जेवण जात नाही.

रविवारी सकाळी मुळगावला आमच्या घरमालकीण शेवंतीकाकींच्या छपराची कौलं काढून साफ करून परत चढवायची होती. इकडे मे महिन्यात शेजारीपाजारी येतात, अंगणापासून शिडीपर्यंत रांग लावतात आणि कौल हातोहात वर जातं. मीही उभा राहिलो. डोक्यात लूपच.

पहिलंच कौल मी पुढे केलं, सोडलं... आणि फुटलं. समोरच्याचा हात पोचलाच नव्हता. काकींचा मुलगा शाणू शिडीपाशी होता, तो ओरडला, "सदा, संगणकाक बसून हात मऊ झाले रे तुजे!" सगळे हसले. पण माझ्या आणि शाणूच्या मधे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, उघडे, खांद्यावर पंचा. ते हसले नाहीत. दोन्ही हात पुढे धरून शांतपणे म्हणाले,

"फुडचो हात पयलो पळय. मागीर सोड."

पुढचा हात आधी बघ, मग सोड. बस्स, एवढंच. पुढची दोनेकशे कौलं मी त्यांच्या हातात दिली, एकही फुटलं नाही. आणि मधेच कधीतरी डोक्यात लख्ख झालं — अरे, मी नोंद आधी फेकून देतोय आणि मग त्याच फेकलेल्या नोंदीला पुढचा पत्ता विचारतोय! पुढचा पत्ता आधी हातात घ्यायचा, मग ती सोडायची. परत पहिल्यापासून जायची गरजच नाही!

काम संपलं. काकींनी चहाचे नऊ कप आणि पाव आणून ठेवले. मी म्हटलं, काकी, एक कप कमी आहे, त्या आजोबांचा राहिला. त्यांनी विचारलं, कोण आजोबा? मी सांगितलं, माझ्या आणि शाणूच्या मधले.

काकी म्हणाल्या, "तुज्या आनी शाणूच्या मदीं कोणूच नासलो रे."

मधे कोणीच नव्हतं? मला वाटलं चेष्टा करतायत. शाणूच्या बायकोने मोबाईलवर थोडं शूटिंग केलेलं, ते बघितलं. मी उभा, शिडीपाशी शाणू, आणि मधे एका माणसाएवढी जागा — रिकामी. मी कौल पुढे करतो, इतक्यात कॅमेरा छपराकडे वळतो. परत खाली येतो तेव्हा कौल शाणूच्या हातात. शाणू म्हणाला, त्याला वाटत होतं मीच देतोय. मग आम्ही दोघं त्याच जागी उभे राहून हात लांबवून बघितले. बोटंसुद्धा भिडली नाहीत.

चहा तसाच टाकून मी डिचोलीला जाऊन ऑफिस उघडून घेतलं. तीन ओळी बदलल्या. बॉक्स धावला! दुपारभर चालवला, एकदाही हँग नाही. सोमवारी मॅडमनी बघितलं आणि खूप हसल्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, कर्नलमध्ये यासाठी तयार सेफ लूप असतो, इंजिनियरिंगची पोरं दुसऱ्या वर्षाला शिकतात. तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कौलं लावताना सुचलं. मालकांनी पर्मनंट केलं. मी लगेच आईला फोन केला.

कोण होते ते? काकींनी वर्णन ऐकून अख्खं गाव आठवून बघितलं, असं कोणी नाही म्हणाल्या. माझं डोकं थकलेलं होतं, मान्य. पण मग कौलं पोचली कशी?

यंदाच्या मे महिन्यात परत रांग लागली. मी शाणूपासून मुद्दाम एका माणसाची जागा सोडून उभा राहिलो. शाणूने बघितलं, पण थट्टा केली नाही, पुढेही सरकला नाही. कोणी आलं नाही. प्रत्येक कौल मी दोन पावलं चालत जाऊन त्याच्या हातात दिलं. चहाच्या वेळी काकींनी कप मांडले. माणसं नऊच होती. कप दहा.