फिट थांबल्यावर

पोलादपूरच्या शाळेत चौथीला शिकवत होतो, तेव्हा मला पहिली फिट आली. भर वर्गात. शुद्धीवर आलो तर मुलं भिंतीला चिकटून उभी, आणि शेजारच्या वर्गाचे गुरुजी माझीच चप्पल माझ्या नाकाशी धरून बसलेले. धोतर ओलं झालं होतं. ते मुलांनी पाहिलं होतं.

महाडच्या डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी दिली. फिटा थांबल्या. मास्तर बरे झाले, असं सगळे म्हणू लागले. मला मात्र सकाळी अंथरुणातून उठवेनासं झालं. एकदा फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता रडू आलं. कारण काहीच नव्हतं. मुलांकडे पाठ करून तसाच उभा राहिलो.

एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, पोटात दुखतंय?"

मी हो म्हणालो. पोटदुखी सांगायला लाज वाटत नाही.

घरी माझी मुलगी रांगत मांडीशी यायची, तरी तिला उचलून घ्यावंसं वाटेना. बापाला असं व्हावं, याची इतकी शरम वाटे की मी तिच्याकडे बघायचंच टाळू लागलो. डॉक्टर दर खेपेला विचारत, "फिट?" मी "नाही" म्हणायचो आणि ते खूश व्हायचे. त्यांच्या औषधानं गुण आला होता. वर आणखी रडगाणं काय गायचं?

शेवटी बायको माझ्याबरोबर एस्टीत बसली. दवाखान्यात मी नेहमीचं "नाही" म्हटल्यावर ती म्हणाली, "फिट नाय येत, डॉक्टर. पण हे जेवत नायत, बोलत नायत. परवा सावित्री नदीच्या पुलावर नुसते उभे होते. मी हाताला धरून घरी आणले."

डॉक्टर माझ्याकडे वळले.

"मास्तर, हे आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"या गोळीनं काहींचं मन असं खचतं. यात तुमचा दोष नाही. पण एकदम बंद करू नका."

त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. पावसाळा सरेपर्यंत मी मुलीला कडेवर घेऊन अंगणात फिरू लागलो. पुढे महाडच्या बाजारात, गर्दीत, पुन्हा एक फिट आली. लाज तेव्हाही वाटली, आजही वाटते. पण त्या संध्याकाळी घरी मी दोनदा भात मागून घेतला. बायकोनं दोन्ही वेळा वाढला.