पहाटे सव्वाचारचं वाटप

जुलैत शारजात पहाट गार होत नाही, नुसती अंधारी असते. चार वाजता बाहेर चौतीस डिग्री आणि हवा इतकी ओली, की एसीने गारठलेल्या काचा बाहेरच्या अंगाने घामेजतात आणि रोल्ला भागातले रस्त्यावरचे दिवे पिवळ्या गोळ्यांसारखे दिसतात. त्या वेळी प्रभावती तांदळाच्या पिठाची उकड काढत असते. एका शेगडीवर तवा, दुसरीवर खोबरं-कांदा भाजायची कढई. सव्वाचारला वाटप, पावणेपाचला आमटी, पाचला आठ डबे भरून तयार. सव्वापाचला खाली साइटची बस लागते.

आठ डब्यांतला एक तिच्या नवऱ्याचा, बाबाजीचा. तो बांधकामावर फोरमन आहे. बाकीचे सात त्याच्या हाताखालचे, सगळे कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे, बायका-पोरं गावाला ठेवून आलेले. शेजारच्या इमारतीत एका खोलीत राहतात आणि प्रभावतीला वैनी म्हणतात. ह्या माणसांना मटण नसलं तर चालतं, मासळी नसली तरी चालते. वाटप मात्र लागतं. भाजलेलं खोबरं आणि कांदा, लोण्यासारखं बारीक वाटलेलं. बोटांत चोळलं तर कणी लागता कामा नये. कणी लागली की माणसं बोलत नाहीत, डब्यात आमटी तशीच ठेवतात.

प्रभावतीचा मिक्सर चौदा वर्षांचा. बारीक वाटायचा, पण त्याच्या आतलं काहीतरी झिजलं होतं आणि तो असा ओरडायचा की भांड्यांच्या मांडणीवरची झाकणं नाचायची. ह्या घरात अकरा वर्षं कोणी काही बोललं नव्हतं. मग फिझाला मुलगी झाली.

फिझा म्हणजे मरियमबीची सून. तीन खोल्यांचा हा फ्लॅट मरियमबीच्या नावावर, तिची माणसं दोन खोल्यांत आणि तिसरीत प्रभावती-बाबाजी. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, आणि फिझाची खोली त्याला लागून. मूल बावीस दिवसांचं असताना, लागोपाठ तिसऱ्या दिवशी ते मिक्सरने दचकून उठलं. मरियमबी नमाज आटपून तसबीहची माळ हातात घेऊनच दारात आली. ती मूळ दापोलीकडची. बोलते हळू, पण शब्द परत घेत नाही.

"प्रभावती, सून माझी बाळंतपणाच्या चाळीस दिवसांत आहे. रात्रभर जागते बिचारी. पहाटे डोळा लागतो न लागतो तोच तुझं विमान उडतं."

"दोनच मिनटां लागतत, मरियमबी."

"तुझी दोन मिनिटं, आमचे दोन तास. शनिवारपर्यंत काहीतरी कर बाय. नाही जमलं तर पहिल्या तारखेपासून दुसरी खोली बघ. मला वाईट वाटेल. पण आधी बोलली नाही असं व्हायला नको."

प्रभावतीने पहिला उपाय केला तो सगळ्यात सोपा. आदल्या दिवशी संध्याकाळी वाटून फ्रिजमध्ये ठेवलं. साइटवर डबे सकाळभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतात आणि साडेबाराला उघडतात. त्या दिवशी आठांपैकी आठ डब्यांत आमटी तशीच परत आली, वर आंबूस फेस धरलेली. कोणी तक्रार केली नाही. एकाने रिकाम्या भाकरीच्या पुड्यासकट डबा हातात देताना "बरां हा ना वैनी, तब्येत?" एवढंच विचारलं. तिला ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

"पाट्यार वाट मगे," बाबाजी जेवताना म्हणाला. "आवाज नाय काय नाय."

"पाटो इमानातसून हाडतलात काय तुमी? आणि ह्या मनगटान?" तिचं उजवं मनगट तीन वर्षांपूर्वी मोडून सांधलेलं. वाटी उचलली तरी कळ येते. "माका बारको मिक्सर होयो. बारीक वाटणारो आणि गप ऱ्हवणारो."

"असलो मिळलो तर माका पण एक घे," बाबाजी म्हणाला. "बायलेच्या जाग्यार ठेवतंय."

गुरुवारी संध्याकाळी ती एकटीच गेली. सोबत स्टीलचा डबा, त्यात भाजून गार केलेलं खोबरं-कांदा.

विजेच्या वस्तूंचं ते दुकान शाहबाजचं. तिथली रीत अशी, की वस्तू खोक्यात घालायच्या आधी शाहबाज ती काउंटरवर लावून चालू करून दाखवतो. पंखा फिरला, इस्त्री तापली, खलास. मिक्सरही तसाच, रिकामा फिरवून.

"सूखा काय फिराता है," प्रभावती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं. "रिकामा सब का आवाज अच्छाच आता है. इसमें घुमाके दिखाव."

भाजलेल्या खोबऱ्याचा वास दुकानभर झाला. शाहबाजने नाक वर केलं. "बाजी, गीला नहीं. गीला हुआ तो पीस पुराना हो गया."

"कपाटात ठेवलेला है ना, वो निकालो. नमुने का. मय धोके देगा. आणि जो पसंद आयेगा, उसका नया लेके जायेगा. बिना लिये नाय जायेगा."

शाहबाजने हिशेब केला आणि शोकेस उघडली.

पहिला मिक्सर वरून पेला उलटा बसवायच्या जातीचा होता. दुधा-फळांचा. आवाज एवढा कमी, की रस्त्यावरची गाडी ऐकू येत होती. प्रभावतीला तो बघताक्षणी आवडला. पण खोबरं पेल्याच्या भिंतीला चिकटलं आणि पाती मधल्या पोकळीत नुसती भिरभिरली. पाणी घातलं तेव्हा फिरलं, आणि पातळ झालं. तिने अंगठा आणि बोट चोळलं. रवा.

"बाजी, यही ले लो. बिलकुल बच्चा है, रोता नहीं."

ती बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिली. हा नेला तर खोली राहील. पण डबे भरलेलेच परत येतील. तिने चिमूट पुन्हा चोळली, जणू मधल्या वेळात ते बारीक झालं असेल. मग पेला बाजूला ठेवला.

दुसरा नुसता कापायचा निघाला. खोबऱ्याचा कीस झाला.

तिसरा बुटका आणि जड, चटणीच्या छोट्या स्टीलच्या भांड्याचा. तिने दोन चमचे गार पाणी मागून घेतलं, भांडं अर्धंच भरलं आणि एक फेरा दिला. थांबली. झाकण काढून कडांचं खाली ओढलं. दुसरा फेरा. तिसरा. चोळून बघितलं. लोणी. पण मिक्सर फिरताना काउंटरची काच थरथरली, मागच्या फळीवरचे पेले एकमेकांवर किणकिणले आणि शाहबाजने कानांत बोटं घातली.

"बाजी, ये तो दुबई एअरपोर्ट तक सुनेगा."

काउंटरवर वाटपाचे शिंतोडे उडाले होते. शाहबाजने ते पुसायला म्हणून मिक्सर उचलला आणि बाजूच्या खोक्यावर ठेवला. खोक्यात पॅकिंगचा स्पंज होता. प्रभावतीने भांड्यात उरलेलं तिथेच फिरवलं.

पेले गप्प होते.

तिने मिक्सर परत काचेवर ठेवला. किणकिण. परत खोक्यावर. नाही. पुन्हा काचेवर. मिक्सरच्या डोक्यावर तळहात ठेवून ती डोळे मिटून उभी राहिली. एक गिऱ्हाईक चार्जर विचारत होतं, ते तिच्याकडे बघत राहिलं.

"क्या कर रही हो, बाजी?"

"आवाज किसका है वो देखता है. इसका आधा, तुमारे टेबल का आधा."

"टेबल बेचने का नहीं है, हाँ," शाहबाज म्हणाला.

एकशे चाळीस दिरहम. म्हणजे सव्वातीन हजार, ती मोठ्याने म्हणाली, आणि तिन्ही भांडी दुकानाच्या मागच्या मोरीत घासून दिली.

घरी येऊन तिने जुनं सुती लुगडं फाडलं आणि चुंबळ वळली. गावात विहिरीवरून हंडे वाहताना वळायची तशीच, पण रुंद आणि चपटी, मधलं भोक मोठं ठेवून, म्हणजे मिक्सरच्या बुडाला वारा मिळेल. पहिली उंच झाली, मिक्सर कलला. दुसरी सैल झाली. तिसरी तिने दोऱ्याने टाचून घेतली.

बाबाजी दारात उभा राहून बघत होता. "आता मिक्सर डोक्यार घेऊन चलतलंस काय गो?"

"तुमच्या डोक्यापेक्षा कामाचो आसा तो."

शुक्रवारी साइटला सुट्टी. वाटप नाही. ती दिवसभर मधूनमधून चुंबळीकडे बघत होती.

शनिवारी साडेतीनलाच ती उठली. उकड काढली, खोबरं भाजून ताटात पसरलं आणि पुठ्ठ्याने वारा घालून पूर्ण गार केलं, कारण गरम फिरवलं तर तेल सुटतं आणि चार फेऱ्यांचं काम सहावर जातं. चुंबळ ओट्यावर, त्यावर मिक्सर. स्वयंपाकघराचं दार लावायला वळली तर मरियमबी दारात. हातात तसबीह.

"चालू कर. मी इथेच आहे."

पहिला फेरा. घरघर झाली, पण ओट्यातच मुरल्यासारखी. मांडणीवरचं एकही झाकण हललं नाही. प्रभावतीने बटण बंद केलं आणि दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे एसी चालू होता, बाकी काही नाही.

दुसरा फेरा. तिसरा. प्रत्येक फेऱ्यानंतर त्या थांबत होत्या. मरियमबीच्या हातातले मणी पुढे सरकत नव्हते.

तिसऱ्या फेऱ्यानंतर प्रभावतीने भांडं काढायला हात घातला. मरियमबीने त्याआधीच बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि दिव्याखाली धरलं.

"कणी आहे. आणखी एकदा फिरव."

"आणि उठलां तर?"

"उठलं तर बघू. असलं वाटप देतात काय कोणाला?"

चौथा फेरा दिला. भिंतीपलीकडे एसीच.

काळ्या वाटाण्याच्या आमटीला उकळी येऊन प्रभावती डबे मांडत होती तेव्हा पलीकडून रडणं आलं. तिचा हात डब्यावरच थांबला. मरियमबीने मान तिरकी करून ऐकलं.

"हे भुकेचं," ती म्हणाली. "तुझं नाही." आणि जाताजाता दारातूनच, "खोलीचं बोलली होती ते खलास. एका वाटीत आमटी काढून ठेव, फिझाला. तिखट नको."

पावणेपाच झाले होते. प्रभावतीने मिरची पडायच्या आधीची आमटी एका वाटीत काढली, मग बाकीच्या आमटीत तिखट घातलं. डबे भरले. तोंडं पुसून झाकणं लावली. मिक्सरच्या झाकणाची रबराची कडी काढून, तिच्या खाचेत अडकलेलं खोबरं ती जुन्या टूथब्रशने घासू लागली.