तळ्याची सून

दुष्काळाच्या साली आमच्या शेजारणीला एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. दिवसभर तळ्याच्या दुष्काळी कामावर गाळ उपसून ती संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी यायची आणि माझ्याकडून माझीच कादंबरी वाचून घ्यायची. गावच्या तळ्याला पाणी लागावं म्हणून पाटलानं सून बळी दिली, ही आमच्या पाथर्डीकडची जुनी गोष्ट मी भागाभागांनी लिहीत होतो. सासऱ्याचं बोलणं आलं की ती उठून अंगणात येरझाऱ्या घाली आणि तिथूनच ओरडे, "वाचा मास्तर, ऐकतीय मी."

दोन भाग छापून झाले होते. आषाढात बायका दरसालप्रमाणे त्या सुनेसाठी हिरव्या बांगड्या आणि नैवेद्य घेऊन कोरड्या तळ्यावर गेल्या. ही गेली नाही.

"मास्तरांच्या पुस्तकात पोर अजून जिती हाय," तिनं सांगून टाकलं. "जित्या मानसाला निवद दावत्यात व्हय?"

हिच्यामुळंच पाऊस अडला, असं बायका म्हणू लागल्या. टँकरपाशी तिची घागर मागं ढकलू लागल्या. ती मशेरी लावून पुन्हा गाळ उपसायला गेली.

एका संध्याकाळी ती आली, पण उंबऱ्याशी टेकलीसुद्धा नाही.

"तिसऱ्या भागात काय करताय?"

टेबलावरच्या कागदात सून तळ्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

"तिला वर घ्या," ती म्हणाली. "पान्याचं आमी बघू. खनतोय की!"